नोकरी सांभाळून भाड्याचं उत्पन्न : सुरुवात कुठून करायची?

विषय पैशाचा आहे, त्यामुळे प्रस्तावना फार लांबवत नाही. हे अनंत फंदींचं गाव आहे, फटक्यातून उपदेश करायची इथली रीत जुनी. पण आज उपदेश कमी आणि हिशेब जास्त करायचा आहे.

समोर कोण बसलंय ते आम्हाला साधारण दिसतंय. शाळेतले आणि कॉलेजातले शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, साखर कारखान्यातले आणि दूध संघातले आहेत, सिन्नरच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन करणारे आहेत. ऑनलाइन ऐकणाऱ्यांत पुण्याला किंवा नाशिकला नोकरी आणि घर संगमनेरला, असे बरेच असतील. सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. पगार चालू आहे तोवर भाड्याचं काहीतरी उभं करायचंय, म्हणजे पगार बंद झाल्यावर महिन्याला हातात काही येईल. बहुतेकांना पूर्वीसारखी पेन्शन नाही, त्यामुळे ही इच्छा हौसेची नाही, गरजेची आहे.

या विषयावर जे व्हिडिओ फिरतात त्यांत एक वाक्य हमखास असतं. कर्ज काढून फ्लॅट घ्या, भाडेकरू तुमचा हप्ता भरेल. हे वाक्य मूळचं अमेरिकेकडचं. तिथे तीस वर्षांचं, व्याजदर न बदलणारं गृहकर्ज मिळतं आणि घराच्या किमतीच्या मानाने भाडंही आपल्यापेक्षा बरंच जास्त असतं. त्यामुळे तिकडे काही गावांत, काही काळात ते जमून गेलं. आपल्याकडे जमतं का, ते कागदावर करून बघू. पुढचे आकडे आम्ही हिशेबासाठी धरलेत. तुमच्या गल्लीचा भाव घाला आणि घरी जाऊन पुन्हा करा.

समजा, संगमनेरात २५ लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचा स्थानिक अधिभार मिळून सहा टक्क्यांच्या आसपास धरा, दीड लाख झाले. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही, ती २५ हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट, पंखे, गिझर, खिडकीच्या जाळ्या, रंग याचे आणखी २५ हजार. म्हणजे फ्लॅट पडला २७ लाखांना. बँकेने २० लाख दिले, सात लाख तुमचे गेले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता बसतो महिन्याला १७,३५६ रुपये.

आता भाडं. आठ हजार धरू. वर्षाचे ९६ हजार. पण वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार, ते आठ हजार गेले. घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून बारा हजार. नळ, मोटार, गळती, एखादं मोडलेलं कडीकोयंडं यांचे सहा हजार. उरले ७० हजार. २७ लाखांवर ७० हजार म्हणजे २.६ टक्के. कर्ज साडेआठ टक्क्यांचं आणि मिळकत अडीच-पावणेतीन टक्क्यांची! महिन्याचा हिशेब केला तर हातात ५,८०० रुपये येतात आणि १७,३०० रुपये जातात. साडेअकरा हजार रुपये दर महिन्याला पगारातून घालायचे, वीस वर्षं. भाडेकरू हप्ता भरतो म्हणतात, तो जेमतेम एक तृतीयांश भरतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं, की किंमत वाढेल ना! वाढेलही. पण मग ते भाड्याचं उत्पन्न राहिलं नाही, तो जागेच्या भावावरचा डाव झाला. तो खेळायचा तर डोळे उघडे ठेवून खेळा. छोट्या गावात जुना फ्लॅट विकायला किती महिने लागतात हे इथे बसलेल्यांपैकी काहींना चांगलं ठाऊक आहे. आणि पुणे-नाशिक रेल्वे येणार म्हणून कोणी भाव सांगत असेल, तर एवढं लक्षात ठेवा की संगमनेरवरून जाणारा हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल या आक्षेपावरून पुन्हा मांडणीत गेला. रेल्वे आली तर आनंदच आहे, पण उद्याच्या रेल्वेचं तिकीट म्हणून आजचा फ्लॅट घेऊ नका.

मग सुरुवात करायची कुठून? आमचं मत स्पष्ट आहे. संगमनेरच्या नोकरदार माणसासाठी पहिली भाड्याची मिळकत बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या डोक्यावर असते. उपनगरांतून, घुलेवाडी-गुंजाळवाडीकडून एक चक्कर मारा आणि वर बघा. किती घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच वर सोडलेल्या दिसतात! बांधणाऱ्याने पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून त्या ठेवल्या. पुढेमागे म्हणता म्हणता पंधरा वर्षं गेली आणि सळया गंजल्या.

हाच हिशेब त्या गच्चीवर करू. साडेचारशे चौरस फुटांत दोन वन आरके, प्रत्येकाला स्वतंत्र संडास-बाथरूम, जिना बाहेरून. खर्च आठ लाख धरू. त्यातले तीन लाख आपले, पाच लाख कर्ज. नऊ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता ६,३३४ रुपये. प्रत्येक खोलीला साडेचार हजार भाडं धरलं तर वर्षाचे १ लाख ८ हजार. वर्षातले चाळीस दिवस रिकामे धरून बारा हजार वजा करा, वाढीव घरपट्टीचे तीन हजार, दुरुस्तीचे आठ हजार. उरतात ८५ हजार, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या थोडे वर. इथे हप्ता खरोखर भाड्यातून निघतो. आठ लाखांवर साडेदहा टक्क्यांच्या आसपास पडतात. फरक कशामुळे पडला? जागेची किंमत या हिशेबात नाही म्हणून. ती वडिलांनी किंवा तुम्ही आधीच मोजलेली आहे.

यात खोट नाही असं नाही. वरचा मजला बहुतेकदा वेगळा विकता येत नाही. बांधकाम जुनं होत जातं, म्हणून ते साडेदहा टक्के म्हणजे बँकेच्या ठेवीसारखे निखळ व्याज नव्हे, त्यात इमारतीची झीज लपलेली आहे. घरातल्या माणसांच्या डोक्यावर दुसऱ्यांची पावलं वाजणार. आणि सगळ्यात आधी, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मिस्त्री "चालतंय की" म्हणेल, पण पाया आणि कॉलम किती मजल्यांचे धरले होते, गंजलेल्या सळईचं काय करायचं, हे इंजिनिअरने लिहून दिलं पाहिजे. नगरपालिकेची बांधकाम परवानगी काढा. डिसेंबर २०२० पासून नगरपालिका क्षेत्रांना राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. चटईक्षेत्र किती उरलंय, कडेला किती जागा सोडायची, ते त्यात बसवावं लागतं. विनापरवाना मजल्यावर बँक कर्ज देत नाही, आणि पुढे घर विकायला काढलं की तोच मजला आडवा येतो.

विजेचं मीटर वेगळं घ्या. हे किरकोळ वाटतं, पण घरमालक-भाडेकरूंची अर्धी भांडणं लाइटबिलावरून होतात. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटपर्यंत एक, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा, असा चढत जातो. दोन कुटुंबं एका मीटरवर आली की दोघांचंही बिल वरच्या टप्प्यात जातं आणि मग "तुमचा फ्रिज की आमचा" सुरू होतं.

आता एक नाजूक गोष्ट, जी व्हिडिओत कोणी सांगत नाही. घर कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या नावावरच्या घरावर धाकटा मुलगा स्वतःच्या पगारातून मजला चढवतो. थोरला पुण्याला असतो, तो म्हणतो, बांध की. दहा वर्षांनी वडील जातात आणि वाटणीचा विषय निघतो. कायद्याने मजला घराच्या मालकाचा, म्हणून तो सगळ्या वारसांत येतो. धाकट्याच्या हातात सिमेंटच्या पावत्या उरतात. आमच्याकडे हिशेबाला येणाऱ्या घरांमध्ये हा प्रकार इतका नेहमीचा झालाय की आम्ही आता पहिला प्रश्न खर्चाचा विचारत नाही, सातबारा किंवा मिळकत पत्रिका कोणाच्या नावाची आहे हे विचारतो. वडिलांचं घर स्वकष्टार्जित असेल आणि त्यांची इच्छा असेल, तर महाराष्ट्रात राहतं घर मुला-मुलीला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, काही ठिकाणी वर स्थानिक अधिभार लागतो. वडिलोपार्जित असेल तर बहिणींसह सगळ्यांना बसवून, कोण किती घालणार आणि भाडं कोण घेणार हे ठरवा आणि नोंदणीकृत कागदावर आणा. बहिणींसह म्हणतोय ते मुद्दाम. सळया वर काढण्याआधी हा कागद झाला पाहिजे. नंतर तो होत नाही.

आता भाडेकरू. पुष्कळ लोकांच्या मनात अजून भीती आहे, की घर भाड्याने दिलं म्हणजे गेलं. ही भीती उगाच आलेली नाही, तिला इतिहास आहे. महायुद्धाच्या काळात जागेची टंचाई झाली आणि भाडी गोठवायला सुरुवात झाली. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात 'प्रमाण भाडं' ही कल्पना होती, आणि ते मोजताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली होती. म्हणजे चाळीस सालचं भाडं सत्तर साली, नव्वद साली तेच! मालकाला भाड्यापेक्षा घरपट्टी जास्त, मग तो डागडुजी कशाला करेल? राज्यभरातल्या जुन्या पेठांतले वाडे खचले, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. त्यातून वाट काढायला लोक भाडेकराराऐवजी लिव्ह अँड लायसन्स करू लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्या पिढीने हे बघितलं, तिने कुलूप लावून ठेवलेलं घर बरं असं ठरवलं, यात नवल नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की अशी कायमची गोठवलेली भाडी आता समर्थनीय राहिलेली नाहीत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातली दोन कलमं पाठ करा, बाकी वकिलावर सोडा.

पहिलं कलम २४. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडलीच पाहिजे. नाही सोडली तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा ती वाट जवळची आहे. आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दुसरं कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो किती का महिन्यांचा असेना. तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरी शिक्षा वेगळीच आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

आता इथे एक गैरसमज आहे. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पवर नोटरी केला की झालं, असं सगळीकडे चालतं. हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. इतर राज्यांत ती युक्ती चालत असेल, महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती निकामी आहे. आणि ही युक्ती वाचवते किती? आठ हजार भाडं, पंचवीस हजार डिपॉझिट, अकरा महिने असा करार घ्या. भाड्याचे ८८ हजार, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे २,३००, एकूण ९० हजार ३००. त्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सव्वादोनशे रुपये! वर नोंदणी फी आणि करणाऱ्याची मजुरी. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रजा टाकून जायलाही नको, आधारवर अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी घरून होते. एवढ्यासाठी वीस-पंचवीस लाखांची मिळकत कोणी धोक्यात घालतं, हे आम्हाला खरंच कळत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या, तीही ऑनलाइन देता येते.

भाडेकरू कोण मिळेल, याचा विचार बांधण्याआधी करायचा. अमृतनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला विद्यार्थी मिळतात. ते भाडं माणशी देतात म्हणून आकडा मोठा दिसतो. पण परीक्षा झाली की खोली रिकामी होते आणि नवीन प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत रिकामीच राहते. म्हणजे बारा नव्हे, दहाच महिने धरा, आणि दरवर्षी रंग धरा. गावात बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक, दवाखान्यांतला स्टाफ, नुकतं लग्न झालेलं जोडपं, हे भाडं थोडं कमी देतील पण दोन-तीन वर्षं हलत नाहीत. नोकरी करणाऱ्या मालकाला आम्ही दुसरा भाडेकरू सुचवू. दरवर्षी नवा माणूस शोधायला जे रविवार जातात त्यांची किंमत भाड्यात येत नाही. जाता जाता एक : जात, धर्म, खाणंपिणं यावरून माणसं नाकारणारे मालक घर रिकामं ठेवून वर भाव पडला म्हणून तक्रार करतात. पगाराची पावती बघा, आधीच्या मालकाला फोन करा. तेवढ्याने पुष्कळ कळतं.

वेळेचं म्हणाल तर मोटार बंद पडायची ती सकाळी साडेनऊला, तुम्ही वर्गावर असताना. त्यामुळे एक प्लंबर, एक वायरमन आणि घराची चावी ठेवणारं एक भरवशाचं माणूस, एवढी तयारी भाडेकरू यायच्या आधी करून ठेवा, आणि त्यांचे नंबर भाडेकरूलाच द्या. पाचशे रुपयांपर्यंतचं काम त्याने करून घ्यावं आणि भाड्यातून वळतं करावं, असं करारातच लिहा. भाडं बँकेत किंवा यूपीआयने घ्या, रोख नको. पुण्यात राहणाऱ्यांनी तर चावीवाल्या माणसाला महिन्याला काही द्यावं. नात्यातला असला तरी द्यावं, नात्यातला असला तर जरूर द्यावं.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या सेवेतल्यांसाठी एक सूचना. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि त्या धर्तीवरचे सेवानियम स्थावर मालमत्ता घेताना, विकताना कार्यालयाला कळवायला सांगतात. एक अर्ज आहे, तो द्या आणि पोच घ्या. घर भाड्याने देणं हा गुन्हा नाही, पण न कळवणं चौकशीचं निमित्त होऊ शकतं.

आयकराचं थोडक्यात. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या दाखवायला लागत नाहीत. मग कर्जाचं व्याज वजा होतं. मघाच्या फ्लॅटचं पहिल्या वर्षाचं व्याज १ लाख ६८ हजारांच्या घरात जातं, म्हणजे कागदावर लाखभर तोटा. जुन्या करप्रणालीत हा तोटा दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत पगाराशी त्याचा मेळ घालता येत नाही, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच आपोआप लागणारी आहे. "टॅक्स वाचतो" म्हणून फ्लॅट विकणाऱ्याला विचारा, कोणत्या प्रणालीत? पीएफ काढून फ्लॅट घ्यायला निघालेल्यांना आमचं सरळ सांगणं आहे, नका काढू. आणि काहीही घ्या, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नका.

गच्ची नाही, फ्लॅटच घ्यायचाय, असेही असतील. त्यांनी तयार आणि राहतं घर घ्यावं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा हप्ता सुरू होतो, भाडं सुरू होत नाही. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी बघाच. जमीन बिगरशेती झाली आहे का हे बघा. आणि त्या इमारतीतल्या अलीकडच्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन काढून खरा भाव बघा, एजंटच्या तोंडचा नको.

थोडे प्रश्न घेऊ.

प्रश्न : दुकानाचा गाळा घेतला तर? भाडं जास्त येतं.

येतं. पण रिकामा राहिला तर सहा-आठ महिने रिकामा राहतो. आणि मघाचं कलम २४ राहण्याच्या जागेसाठी आहे, गाळ्याला ते संरक्षण नाही. पहिला व्यवहार म्हणून आम्ही गाळा सुचवणार नाही.

प्रश्न : मिसेसच्या नावावर घेतलं तर?

मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती घ्या. पण पैसे तुमचे असतील आणि मिसेसने त्यात काही घातलं नसेल, तर भाड्यावरचा कर तुमच्याच नावावर मोजला जातो. सवलत खरी, पळवाट नाही.

प्रश्न : सर, भाडेकरू चांगला आहे, चार वर्षं झाली. दरवेळी नवा करार कशाला? तोंडी वाढवतो आम्ही.

चांगला आहे म्हणूनच करा. करार एकदम साठ महिन्यांपर्यंत करता येतो, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहायची. दोन्ही बाजूंना एक-एक महिन्याची नोटीस ठेवा. तुमची मुदत कधी संपली?

प्रश्नकर्ते : मार्चमध्येच.

मग या रविवारी अंगठा घेणाऱ्याला घरी बोलवा. भाडेकरूलाही त्याच वेळी बोलवा, आणि आधी कराराचा मसुदा त्यांना वाचायला द्या.